मेघांच्या पोटांत पाहणारे लहान उपग्रह

तालुक्याच्या कचेरींत पावसाचा तक्ता भरण्याचें काम आम्हीं पुष्कळ वर्षें केलें. सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकांतील पाणी मोजावें आणि तो आंकडा अवघ्या तालुक्याच्या नांवें मांडावा, अशी वहिवाट होती. नदीपलीकडील गांवीं पेरा करपला असतांही तक्त्यांत पाऊस समाधानकारक दिसे, हें शल्य आम्हांस अद्याप आहे. म्हणूनच आकाशांतून पाऊस कसा पाहतात, याची जिज्ञासा आम्हांस झाली. जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

साध्या छायाचित्रांत ढगाचा केवळ माथा दिसतो; पोटांत पाणी किती, हें कळत नाहीं. परंतु प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेप्रमाणें मायक्रोवेव्ह नांवाच्या मंद लहरी सदैव बाहेर टाकीत असतो, व त्या ढगांतून बऱ्याच अंशीं पार होतात. हवेंतील प्राणवायूच्या लहरींवरून निरनिराळ्या उंचीवरील उष्णमान, तर बाष्पाच्या लहरींवरून ओलावा समजतो. वादळी ढगांतील हिमकण खालून येणाऱ्या लहरी विखरून टाकतात. त्यामुळें ती जागा उपकरणास थंड भासते, व जोराचा पाऊस ओळखतां येतो.

भारत व फ्रान्स यांनीं १२ ऑक्टोबर २०११ रोजीं सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स हा याच कामाचा उपग्रह होता. त्याचें वजन सुमारें एक हजार किलो. पण मोठा उपग्रह एकटा पडतो. तो फिरून त्याच जागीं येईपर्यंत वादळाचें रूप पालटलेलें असतें. यास्तव अमेरिकेच्या नासा संस्थेनें ट्रॉपिक्स नामक लहान उपग्रहांची मालिका योजिली. प्रत्येकाचें वजन सुमारें पांच किलो, म्हणजे बियाण्याच्या लहान पिशवीएवढें. जून २०२२ मध्यें अग्निबाण बिघडून दोन उपग्रह नष्ट झाले. तरी मे २०२३ मध्यें न्यूझीलंडहून चार सोडण्यांत आले व काम तडीस गेलें. अनेक असण्याचा हाच लाभ. त्यांचा मार्ग उष्ण कटिबंधावरून, म्हणजे आपल्या मुलुखावरूनही, आंखलेला होता.

तथापि पंधरा-वीस किलोमीटरांहून लहान टापू अशा उपकरणांस निराळा दिसत नाहीं. आणि तेवढ्याच अंतरांत एका शिवारीं वीतभर ओल, तर दुसऱ्या शिवारीं पेरा खोळंबलेला, हा आपला नित्याचा अनुभव आहे. तेव्हां उपग्रहानें वादळाची चाहूल द्यावी आणि गांवच्या पर्जन्यमापकानें हिशेब सांगावा, हेंच योग्य. प्रत्येक गांवीं कोणी एकानें तरी रोज साडेआठ वाजतां माप घेऊन वहींत टिपावें, अशी आमची विनंती आहे. पीकपाहणीच्या दिवशीं तीच वही गांवाच्या बाजूनें साक्ष देईल.