कबुलीजबाबाची खोली : वऱ्हाडात बसून ब्रिटिश तपास-मालिका पाहताना



आजचा विषय तसा घरगुती आहे. रात्री जेवणं आटोपली, ओट्यावरची आवराआवर झाली की आपल्यापैकी बरेच जण ब्रिटिश तपास-मालिका लावून बसतात. कुणी 'पॉयरो' पाहतं, कुणी 'व्हेरा', कुणी 'मिडसमर मर्डर्स'. खून होतो, पाऊस पडतो, पोलीस दारोदार जाऊन चहा पितात आणि दीड तासानं खुनी सापडतो. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. पण या मालिका पाहणाऱ्यांशी बोलताना आपल्या कानावर तीन तक्रारी हमखास येतात. पहिली : फार संथ आहे हो. दुसरी : बोलणं कळत नाही. तिसरी, आणि ही सगळ्यांत मजेशीर : हे पोलीस कुणाला दोन ठेवून का देत नाहीत? एका मिनिटात कबूल झाला असता!

आज या तीन तक्रारींचीच उत्तरं शोधू. तिसरीला वेळ जास्त लागेल, कारण खरी गंमत तिथे आहे.

आधी एक गोष्ट. तपासकथा आपल्याला नवीन नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून हातोहात जात. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. दूरदर्शनवर १९८५ मध्ये 'करमचंद' आला, १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्शी' आला. मराठीत 'एक शून्य शून्य' होती, 'हॅलो इन्स्पेक्टर' होती. मग १९९८ मध्ये 'सीआयडी' सुरू झाली आणि तिनं आपल्याला एक सवय लावली : दार तुटणार, थप्पड बसणार, आरोपी घडाघडा बोलणार, गोष्ट संपणार. ही सवय घेऊन आपण ब्रिटिश मालिकेसमोर बसतो. म्हणून अडखळतो.

आता पहिली तक्रार, संथपणाची. यातला थोडा भाग नुसत्या हिशेबाचा आहे. 'इन्स्पेक्टर मोर्स' १९८७ ते २००० इतकी वर्षं चालली, पण भाग किती? ३३. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात पॉयरो रंगवला, त्याचे भाग ७०. आपल्याकडे रोजची मालिका एवढे भाग तीन महिन्यांत संपवते. तिथे वर्षाला मोजके भाग, आणि 'मोर्स'चा एकेक भाग जवळपास सिनेमाएवढा. तेव्हा याला रोजची मालिका न समजता सिनेमा समजून बसावं.

दुसरं म्हणजे, पहिल्या अर्ध्या तासात काही घडत नाही असं वाटतं तेव्हाच सगळं घडत असतं. 'मिडसमर'मधलं गाव घ्या. मिडसमर नावाचा परगणा इंग्लंडच्या नकाशावर नाही, तो कथेतला आहे. पण तिथली माणसं आपल्या ओळखीची आहेत. फुलांच्या प्रदर्शनात कोण कुणाशेजारी बसलं नाही, चर्चच्या कमिटीतून कुणाला काढलं, दोन घरांमधल्या कुंपणावरून कोण किती वर्षं बोलत नाही. मंडळी, हे तर आपलं धुऱ्याचं भांडण झालं! पांदण रस्ता कुणी अडवला, वाटणीत विहीर कुणाकडे गेली, हे ज्यानं गावात पाहिलंय त्याला मिडसमर शिकवावं लागत नाही. उलट मोठ्या शहरात वाढलेल्या माणसापेक्षा ते आपल्याला लवकर कळतं. तेवढा अर्धा तास दुसऱ्या हातात मोबाइल घेऊ नका. पुरावा तिथेच ठेवलेला असतो.

दुसरी तक्रार भाषेची. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलंसुद्धा म्हणतात, 'व्हेरा' कळत नाही. बरोबर आहे. २०११ ते २०२५ चाललेली ही मालिका इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसल आणि नॉर्थम्बरलंडकडे घडते. तिथली बोली लंडनच्या माणसालाही जड जाते. ज्या ब्रेंडा ब्लेथिन व्हेरा झाल्या त्या मूळच्या दक्षिणेकडच्या, केंटच्या. त्यांनाही ती बोली कमवावी लागली. आणि व्हेरा येईल त्या माणसाला 'पेट', 'लव्ह' म्हणते. हे प्रेमाचं बोलणं नाही. आपल्याकडे अनोळखी माणसालाही 'काय बाप्पा' म्हणतात, त्या जातीचं आहे. आपली वऱ्हाडी पुण्याच्या माणसाला जशी ऐकू येते, तशी ही बोली तिकडे ऐकू येते. तेव्हा खाली अक्षरं लावून पाहण्यात कमीपणा काही नाही.

भाषेतच हुद्द्यांचा घोळ येतो. डीसी, डीएस, डीआय, डीसीआय. यातला 'डी' म्हणजे डिटेक्टिव्ह, म्हणजे तपासाच्या शाखेतला. खालून वर कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडेंट. आपल्याकडे ठाण्यात डीबी पथक असतं, जिल्ह्याला एलसीबी असते, तसं समजा. पण एक फरक ध्यानात ठेवा. आपला ठाणेदार बंदोबस्त, मोर्चे, सण, तपास, सगळंच पाहतो. व्हेरा हाताखालच्या माणसांसह एकाच खुनामागे दिवसेंदिवस असते. मालिका आहे, मान्य. पण तपास हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळी माणसं लागतात, ही कल्पना खरी आहे.

आता तिसरी तक्रार : मारत का नाहीत?

या मालिकांतला सगळ्यांत ताणाचा प्रसंग कुठला असतो? पाठलाग नाही. तिथले बहुतेक पोलीस बंदूकही बाळगत नाहीत. ताण असतो तो एका लहान खोलीत. टेबल, चार खुर्च्या, रेकॉर्डिंगचं यंत्र. 'लाइन ऑफ ड्यूटी'मध्ये तर ते यंत्र सुरू होताना एक लांबलचक आवाज येतो आणि आपण सरसावून बसतो. अधिकारी तारीख-वेळ सांगतात, खोलीत कोण कोण आहे ते सांगतात. मग आरोपीला सांगतात, की तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही. मात्र पुढे कोर्टात ज्याचा आधार घ्याल ते आत्ता विचारूनही सांगितलं नाही, तर बचावाला तोटा होऊ शकतो. शेजारी वकील बसलेला असतो. स्वतःचा वकील नसेल तर ठाण्यात फुकट मिळतो. आणि आरोपी म्हणतो, 'नो कॉमेंट'. पुन्हा 'नो कॉमेंट'. आपण चडफडतो.

हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. त्यामागे १९८४ चा एक कायदा आहे, पोलीस आणि फौजदारी पुरावा कायदा. ध्वनिमुद्रण, वकील, कोठडीचा हिशेब, या सगळ्यांची मुळं तिथे आहेत. अटकेनंतर साधारण २४ तास. गुन्हा गंभीर असेल तर सुपरिंटेंडेंटच्या सहीनं ३६ पर्यंत. त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं आणि जास्तीत जास्त ९६. तेवढ्यात आरोप ठेवा, नाही तर सोडा. म्हणून ती माणसं सारखी घड्याळाकडे बघतात. आपल्याकडेही २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, ते राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. पण त्यानंतर पोलीस कोठडी, आपण ज्याला पीसीआर म्हणतो, ती एकूण १५ दिवसांपर्यंत मिळू शकते. तिथे ९६ तास, इथे १५ दिवस. दोन्हीकडची नाटकं वेगळी का होतात, ते इथे कळतं.

आणि हा कायदा तिथल्या पोलिसांच्या सद्गुणांतून आलेला नाही, हे लक्षात घ्या. १९७२ मध्ये लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट नावाच्या माणसाचा खून झाला. तीन पोरांना धरलं, त्यांतला एक मतिमंद होता. त्यांच्या कबुलीवर शिक्षा झाली. १९७५ मध्ये वरच्या कोर्टानं त्यांना सोडलं. मग चौकशी झाली, रॉयल कमिशन बसलं आणि त्यातून हा कायदा आला. बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत १९७५ मध्ये शिक्षा झालेले गिल्डफर्डचे चौघे १९८९ मध्ये सुटले, बर्मिंगहॅमचे सहा १९९१ मध्ये. त्यांच्याविरुद्धही कबुलीजबाबच होते. म्हणजे 'दोन ठेवून दिल्या की कबूल होतो' हे त्या देशानं करून पाहिलं होतं. माणूस कबूल होतो, पण खुनी बाहेर फिरत राहतो.

'ब्रॉडचर्च' पाहिली असेल तर आठवा. पहिल्या वर्षी, २०१३ मध्ये, मुलाच्या खुनाचा गुन्हेगार सापडतो, कबुली देतो. नाव सांगत नाही, ज्यांनी पाहिली नाही त्यांची मजा जाईल. संतापाच्या भरात एक पोलीस अधिकारी त्याला कोठडीत मारते. आपण म्हणतो, बरं केलं! आणि २०१५ च्या दुसऱ्या भागात कोर्ट ती कबुलीच बाजूला काढतं. ती थप्पड आपल्याला गोड वाटली होती. तिची किंमत त्या मुलाच्या आईबापांनी मोजली.

आता आपल्याकडे या. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. करवसुलीसाठी आणि कबुलीसाठी लोकांचे हाल केले जातात, हे त्यात नोंदलं गेलं. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात नियम आला : पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. इंग्रजांनी स्वतःच्या देशात पोलिसापुढची कबुली चालू ठेवली आणि हिंदुस्थानात ती बंद केली. तो नियम आजही आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमात तो २३ व्या कलमात आला. मकोकासारखे अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. कबुली द्यायची तर मॅजिस्ट्रेटपुढे.

एक खिडकी मात्र उघडी ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. म्हणून आपल्याकडे आरोपी पंचांसमोर निवेदन करतो, मग सगळे त्याच्यामागे शेतात जातात, तुराट्याच्या ढिगाखालून विळा निघतो, पंचनामा होतो. ब्रिटिश मालिकेचा शेवट खोलीतल्या टेबलाशी होतो, आपला तपास पंचनाम्यापाशी येऊन ठेपतो. पंच फुटला की खटला डळमळतो.

याचा आपल्याशी संबंध काय? सकाळी पेपरात बातमी असते : 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली'. आपण चहा पिता पिता निकाल लावून मोकळे होतो. काही वर्षांनी त्याच पेपरात आतल्या पानावर येतं : 'पुराव्याअभावी निर्दोष'. मग आपण म्हणतो, पैसे चारले असतील. चारले असतीलही. पण पहिल्या बातमीतली ती कबुली कोर्टात चालणारच नव्हती, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. विचारायचे प्रश्न वेगळे होते : साक्षीदार कोण, प्रयोगशाळेचा अहवाल आला का, मोबाइलची माहिती काय सांगते? व्हेरा तिच्या पोरांना हेच तर विचारत असते.

आणि आपल्याकडे काहीच नाही, असंही नाही. अटकेचा कागद आणि नातेवाइकाला कळवणं, हे सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये बंधनकारक केलं. चौकशीच्या काळात आरोपी वकिलाला भेटू शकतो, पूर्ण वेळ नाही, पण भेटू शकतो. २०२० मध्ये न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात, चौकशीच्या खोलीसकट, कॅमेरे लावायला सांगितलं. त्या लहानशा खोलीकडे जाणारा रस्ता आपल्या कायद्यातही आखलेला आहे. तो किती चालला जातो हे विचारणारे लोक हवेत.

आता कुठून सुरुवात करावी? गाव आवडत असेल तर 'मिडसमर'. जुना काळ आणि कोडं आवडत असेल तर 'पॉयरो', किंवा जोन हिक्सन यांची 'मिस मार्पल'. तिथे चुकीचा माणूस पकडला गेला तर फास लागणार असतो, ते ध्यानात ठेवून पहा. त्या खोलीतली जुगलबंदी हवी असेल तर 'लाइन ऑफ ड्यूटी' आणि 'अनफर्गॉटन'. 'शेटलंड' पाहाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या : स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे नुसती कबुली पुरत नाही, तिला दुजोरा देणारा दुसरा पुरावा लागतो.

आणि पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, 'अरे, याला एक ठेवून द्या ना', तर मालिका थोडी थांबवा आणि ही कॉन्फेटच्या खटल्यातल्या तीन पोरांची गोष्ट सांगा. दोन मिनिटं लागतात. मग पुढचा भाग लावा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.