ताऱ्याची थरथर आणि तिचे मोजमाप

दुर्बिणीचा आरसा जितका मोठा तितके चित्र रेखीव, ही लोकमान्य समजूत प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात खरी असली, तरी हवेच्या तळाशी राहून आकाश न्याहाळणाऱ्याला ती फार दूर नेत नाही. डेव्हिड फ्राइड या शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात ज्या लांबीचा हिशेब मांडला, म्हणजे जेवढ्या रुंदीत ताऱ्याकडून येणारी प्रकाशलहर वातावरणातून जवळजवळ अभंग उतरते, ती सामान्य स्थळी सुमारे 10 सेंटिमीटरच भरते. त्यामुळे 1948 साली पालोमार पर्वतावर प्रतिष्ठित झालेल्या 5 मीटर व्यासाच्या आरशाची कुवत विकलेच्या तीन शतांशांपर्यंतची असूनही, त्याने दीर्घकाळ टिपलेला तारा साधारण एका विकलेएवढा पसरट दिसतो. प्रकाश मात्र तो अमाप गोळा करतो, आणि मोठ्या आरशाचे समर्थन त्याच खात्यात आहे.

तारे लुकलुकत नाहीत म्हणून हवा स्थिर, हा दाखलाही पुरेसा नाही. लुकलुकणे हे मुख्यत्वे उंचावरील थरांचे कर्तृत्व; प्रतिमा विस्कटण्याच्या कामी मात्र जमिनीलगतची, फार काय वेधशाळेच्या घुमटातली उबदार हवादेखील सामील असते.

मग एखादा तारा दुर्बिणीत किती थरथरतो हे पाहिले की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या थरथरीत वाऱ्याने हललेला स्तंभ आणि अनुसरणयंत्राची कसूर हीही मिसळलेली असल्याने, दोष कोणाचा याची शहानिशा होत नाही. या पेचातून सुटण्याची युक्ती मला फार देखणी वाटते. लहानशा दुर्बिणीच्या तोंडावर दोन छिद्रांची झाकणी बसवून, एका छिद्रावर पातळ लोलक ठेवला की एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा शेजारीशेजारी उमटतात; स्तंभ हलला तर त्या जोडीने सरकतात, आणि त्यांच्यातील अंतर बदलते ते केवळ हवेमुळे. काही सहस्रांश सेकंदांची असंख्य छायाचित्रे घेऊन त्या अंतराचे विचरण काढले की फ्राइडची लांबी, व तिच्यावरून प्रतिमेचा पसारा, मुक्रर होतो. सारासँ व रॉडिए यांनी 1990 साली ही पद्धत सविस्तर मांडली.

यातून निघणारा आकडा खस्वस्तिकाचा आणि ठरावीक तरंगलांबीचा धरून नोंदवतात. तारा क्षितिजाकडे कलला की हवेचा मार्ग लांबतो आणि पसारा वाढतो. शिवाय हे यंत्र बहुधा घुमटाबाहेर उभे असते. त्याच्या आकड्यापेक्षा मोठ्या दुर्बिणीचे चित्र फारच वाईट येऊ लागले, तर आकाशाकडे तक्रार करण्यापूर्वी घुमटातील उष्णतेची आणि आरशाच्या जुळणीची चौकशी करावी लागते.