लेकीची पहिली रायफल

आष्टी म्हटलं की लोक आधी बीडची आष्टी धरतात. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथं मी पंधरा वर्षांपासून ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. अशा बाईने बंदुकीवर लिहावं हे तुम्हाला नवल वाटेल. मैत्रिणींनो, मलाही वाटतं! पण गेल्या दीड वर्षात दोरा-सुईपेक्षा जास्त विचार मी रायफलीचा केलाय, आणि त्यात पैसे घालवून शिकलेय.

सुरुवात झाली अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या यात्रेत. लेक तेव्हा आठ वर्षांची. फुगे फोडायच्या स्टॉलवर तिने एकही नेम चुकवला नाही. स्टॉलवाला हसत म्हणाला, "ताई, न्या हिला, माझा धंदा बसवील ही!" आम्हीही हसलो, विसरलो. ती विसरली नव्हती. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ऑलिम्पिकचं कांस्यपदक जिंकलं. टीव्हीवर त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचंही नाव आलं. त्या स्वतः २००४ ला अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या. नववीतली माझी लेक ताट तसंच ठेवून म्हणाली, "आई, मला रायफल घ्यायची."

घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या हाती बंदूक? उद्या सोयरीक कोण जुळवील?" हे काहीच बोलले नाहीत, म्हणजे पैशाचा हिशोब करत होते. फौजेतून रिटायर झालेले आमचे चुलतदीर मात्र खूश. म्हणाले, "वहिनी, घ्यायची तर सेमी-ऑटोमॅटिकच घ्या. एकदा भरली की नुसतं दाबत जायचं."

ऐकायला किती छान वाटतं! पण चौकशी केली तर कळलं, सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे साध्या माणसाला सहजी मिळतच नाही. शस्त्र कायदा त्या बाबतीत फार कडक आहे. आणि मिळाली तरी उपयोग काय? ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत एका वेळी एकच गोळी हाताने भरायची, असा नियमच आहे. मुलींनी सुरुवात करायची ती एअर रायफलने. हवेच्या दाबावर चालणारी, साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याची. नळी तेवढ्याच मापाची आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो, आणि बिल जपून ठेवायचं.

इथवर सगळं बरोबर होतं. मग मी घाई केली.

एका शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर काळीभोर, वर दुर्बीण लावलेली रायफल ठेवली. मधून मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, मारायचं. किंमत नऊ हजार. एवढ्यात काम होतंय म्हणून मी ब्लाऊजचे साठवलेले पैसे मोजून दिले. घरी आणली तर पोरीला स्प्रिंग दाबताना दोन्ही हात लावावे लागायचे, आणि दर छर्‍याला रायफल अशी झटका द्यायची की नेम हलायचा. पुढे कळलं, दुर्बीण लावलेली रायफल स्पर्धेत चालतच नाही! दुकानदाराने परत घेतली नाही. चूक त्याची किती, माझी किती, ह्यावर आमच्या घरी अजून वाद होतो. मी विचारलंच नव्हतं ना, की पोरीला खेळायचंय काय!

त्यानंतर परतूरहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगर गाठलं. तिथल्या एका रेंजवरच्या प्रशिक्षक बाईंनी रायफल दाखवलीच नाही. आधी लेकीला हात लांब करून अंगठा आणि बोटाचं कडं करायला लावलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचा खिळा बघायला लावला, मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा उघडा असताना खिळा कड्यातच राहिला, म्हणजे उजवा डोळा जोरकस. हात उजवा आणि डोळा डावा असता तर रायफल निवडण्याआधीच वेगळा विचार करावा लागला असता. मग त्यांनी तिच्या खांद्यापासून बोटापर्यंतचं अंतर बघितलं, मान बघितली. मला एकदम ओळखीचं वाटलं. माप न घेता मी तरी कुणाचा ब्लाऊज शिवते का? आणि रायफल तशीच उचलून आणली होती!

बाई म्हणाल्या, सहा महिने काही घेऊ नका, क्लबची रायफल वापरा. आम्ही दर रविवारी गेलो. आष्टी ते परतूर, परतूर ते संभाजीनगर आणि तसंच परत. त्या सहा महिन्यांत पोर शिकलीच, आणि मीही बाकावर बसून शिकले. दहा मीटरवरच्या निशाणाचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. माझ्या सुईचं टोक बघा, म्हणजे कल्पना येईल! स्पर्धेत असे साठ छर्रे, एका जागी उभं राहून. पूर्वी बायकांना चाळीसच असायचे, २०१८ पासून पुरुषांइतकेच झाले. रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला चार किलोसुद्धा पुष्कळ होतं.

शाळेच्या स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगवेगळे गट असतात. पैसे काढण्याआधी सरांना विचारा, पोर कोणत्या गटात उतरणार. माझ्यासारखं उलटं करू नका.

नवीन जर्मन रायफली, वाल्थर म्हणा, फाइनवर्कबाऊ म्हणा, दोन लाखांच्या पुढे. तो विषयच नको. आपल्याकडे बनलेल्या हवेच्या सिलेंडरच्या रायफली त्या मानाने पुष्कळ स्वस्त, आणि सुरुवातीला वाईट नाहीत. पण आमची लेक उंच होत चाललीय. ज्या रायफलीचा दस्ता मागे-पुढे, गालाचा आधार वर-खाली होतो, तीच दोन-तीन वर्षं टिकेल, असं बाईंचं म्हणणं. म्हणून मेडिकलच्या अभ्यासासाठी खेळ सोडलेल्या एका मुलीची जुनी जर्मन रायफल बघितली. ८५ हजार. माझी भिशी आणि सोयाबीनचे थोडे पैसे मिळून तेवढेच होत होते.

जुनी घेताना सिलेंडरवरची तारीख बघा. दहा वर्षांच्या वरचं सिलेंडर स्पर्धेत वापरू देत नाहीत, आणि ते धोक्याचंही असतं. आम्ही बघितलेल्याला सहा वर्षं झाली होती. बाईंनी स्वतः पंधरा-वीस छर्रे मारून कागदावरचा घोळका बघितला, ट्रिगर तपासला, मग हो म्हणाल्या. सासूबाईंना किंमत अजून खरी सांगितलेली नाही. हे वाचलं की कळेलच!

खर्च तिथं संपत नाही हे मात्र कुणी आधी सांगत नाही. एका डब्यात पाचशे छर्रे. रोज ऐंशी मारले की आठवडाभरात डबा रिकामा. हवा भरायचा हातपंप वेगळा. आष्टीत दुसरी सोयच नाही, आणि दोनशे बारपर्यंत पंप मारताना हे आणि लेक आळीपाळीने घामाघूम होतात. छर्रे शिशाचे, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, हा माझा कायदा. रायफल लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. गल्लीतली पोरं म्हणतात, काकू, एकदा पारव्यावर मारू द्या ना! पाखरं मारणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी दिली नसती.

सरावाला जागा कुठली? माझ्या टेपने मोजलं, देवघराच्या भिंतीपासून मागच्या दारापर्यंत बरोबर दहा मीटर आणि वर चार बोटं. दाराला आतून कडी लावून, त्याच्यासमोर जाड पत्र्याची पेटी, पेटीत कागदी निशाण, जमिनीपासून एक मीटर चाळीसवर. सराव चालू असताना त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. सासूबाई संध्याकाळची दिवाबत्ती त्याआधी उरकून घेतात. परवा त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. "हा गेला का मधी?" म्हणून विचारत होत्या.

आता राहिलंय ते जॅकेट. जाड कॅनव्हास आणि चामड्याचं, अंगाला घट्ट, म्हणजे उभं राहताना कंबर हलत नाही. तयार घ्यायचं तर पुन्हा दहा-पंधरा हजार. म्हटलं, आपण शिवू! कॅनव्हास आणला, बेतला, मशिनवर घातला. दोन सुया मोडल्या. आता भिशीचा माझा नंबर नोव्हेंबरात आहे, तोवर पोर क्लबचंच जॅकेट घालतेय. बाह्या चार बोटं लांब आहेत, पण त्या आखूड करू नका असं बाईंनी बजावून सांगितलंय.