प्रत एकच नको
मी रिद्धपूरचा. माहिती हरवणं म्हणजे काय, हे आमच्या गावाला ठाऊक आहे. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथंच चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध केला. परंपरा सांगते, मूळ पोथी परचक्रात गेली. हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, पण पाठभेदांसह.

आजचे सर्व्हर हाच धोका ओळखून चालतात. ‘हडूप’ ही साठवणप्रणाली माहितीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवते. एक यंत्र बंद पडलं, की दुसरं उत्तर देतं. जागा मात्र तिप्पट लागते. ती वाचवण्यासाठी रीड-सॉलोमन ही गणिती पद्धत आहे. तिच्यात सहा तुकड्यांना तीन पूरक तुकडे जोडले, तर नवांपैकी कोणत्याही सहांवरून सगळी माहिती परत मिळते. जागा दीडपटच, दुरुस्तीला मात्र वेळ जास्त.

घरात जुनी पोथी असेल, तर स्कॅन करा आणि प्रती वेगवेगळ्या गावी ठेवा.