विष चढते म्हणजे नेमके काय होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत वाढलेल्या माणसाला काही सवयी शिकवाव्या लागत नाहीत. चप्पल झटकून पायात घालायची, अंथरूण झाडून मगच पाठ टेकायची, सरपणाच्या ढिगात न बघता हात घालायचा नाही. मंगळवेढा-सांगोल्याकडचे दगडाळ माळरान असो की दगडमातीच्या भिंतीतली फट, विंचवाला दोन्ही मानवतात. त्यामुळे ‘विंचू उतरवणारा’ माणूस गावोगाव ठाऊक असे. विष ‘चढते’ आणि मंत्राने ‘उतरते’, ही आपली भाषा. या भाषेत विष म्हणजे पायाकडून डोक्याकडे सरकत जाणारी एखादी वस्तू ठरते. तांबड्या विंचवाच्या दंशात मात्र घडते ते वेगळेच. माणसाचा जीव जातो तो विषाने चेतवलेल्या त्याच्या स्वतःच्याच मज्जासंस्थेमुळे. हा फरक ओळखल्यावरच त्यावरचा उपचार सापडला, आणि तो महाराष्ट्रातच सापडला.

हे समजून घेण्यासाठी आधी मज्जातंतूकडे पाहू. त्याला आपण सहज विजेची तार म्हणतो, पण त्यातून वीज तारेसारखी धावत नाही. आग विझवताना माणसांची रांग बादली हातोहात पुढे देते, तसा संदेश पुढे जातो. चेतापेशीच्या आवरणाबाहेर सोडियम जास्त असते, आत पोटॅशियम जास्त असते, आणि आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की आवरणातली सोडियमची सूक्ष्म दारे उघडतात, सोडियम आत शिरते आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात ती दारे आपोआप मिटतात. मग पोटॅशियम बाहेर पडून स्थिती पूर्ववत होते. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. जलद तंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात जातो, तर वेदनेच्या मंद तंतूंत तो जेमतेम मीटरभर असतो. म्हणून नांगी लागताच आधी टोचल्याची कळ येते आणि मागाहून आग सुरू होते.

दारांच्या या उघडझापीचे गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांनी समुद्रातल्या माकूल या प्राण्याचा मज्जातंतू वापरला, कारण तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका जाड असतो. माकुलावर बेतलेले तत्त्व माणसालाही लागू पडले. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले.

मज्जासंस्थेची मांडणी प्राण्याप्राण्यात फार वेगळी असते. आपला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून जातो. विंचवाला कणाच नाही. त्याची मज्जारज्जू पोटाच्या बाजूने जाते आणि तिच्यावर ठिकठिकाणी चेतापेशींच्या गाठी असतात. पण मांडणी वेगळी असली तरी दारे त्याच घडणीची आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजांकडून ती झुरळालाही मिळाली, उंदरालाही आणि आपल्यालाही. विंचवाच्या विषात अनेक घटक असतात. काही किड्यांच्या दारांवर अधिक चालतात, काही सस्तन प्राण्यांच्या. किडे आणि पाली पकडण्यासाठी, शत्रूला हटवण्यासाठी घडलेले हे शस्त्र आपल्यावरही चालते, ते या नात्यामुळे.

या विषातले महत्त्वाचे घटक सोडियमच्या दाराला धरून बसतात आणि ते वेळेवर मिटू देत नाहीत. संदेश थांबतच नाहीत. याचा सर्वांत मोठा फटका स्वायत्त मज्जासंस्थेला बसतो. हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार आपल्याला न विचारता चालवणारी ही यंत्रणा. सुरुवातीला ॲसिटिलकोलीन या रसायनावर चालणाऱ्या नसांचा अंमल दिसतो. दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, लाळ गळते. पाठोपाठ ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचा लोंढा सुटतो. वाघ समोर आल्यावर क्षणभर व्हावी अशी शरीराची तयारी तासन्‌तास चालू राहते. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. डॉक्टर याला स्वायत्त मज्जासंस्थेतले वादळ म्हणतात.

पंढरपूरच्या वाटेवर ऐकू येणारे एकनाथांचे विंचवाचे भारूड काम-क्रोधाविषयी आहे. पण त्यातही विंचू चावलेल्याच्या अंगाला घाम येतो. रूपकातही लक्षण अचूक टिपलेले आहे.

१९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण, त्यात लहान मुलेही, फुप्फुसांत पाणी भरून दगावत होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून दिसले की धोका रक्तवाहिन्या आवळल्याने निर्माण होतो. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध वापरून पाहिले. नॉरॲड्रिनॅलिनचा निरोप रक्तवाहिनीवर ज्या ठिकाणी स्वीकारला जातो, तिथेच ते अडसर घालते. विष शरीरात असते, मज्जातंतू ओरडत असतात, पण रक्तवाहिनीला ते ऐकू येत नाही. वाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेले हे काम १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. गंभीर रुग्णांत ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे विंचवाची प्रतिलसही उपलब्ध झाली, आणि प्राझोसिनबरोबर ती दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे या दांपत्याच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. डॉ. हिंमतराव यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने विंचू उतरतो हा अनुभव खोटा म्हणायचा का? अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ चुकला. बहुतेक दंशांत नुसता ठणका लागतो आणि तो दिवसभरात आपोआप ओसरतो. त्याचे श्रेय मांत्रिकाला मिळते. दिसायला भयंकर असलेली काळी इंगळी त्या मानाने सौम्य असते आणि बोटाएवढा तांबडा विंचू घातक ठरतो. शिवाय फार ठणका म्हणजे फार विष, असेही नसते. थोड्या रुग्णांत वादळ उठते, आणि त्यांचेच मोलाचे तास उतारा करण्यात जातात.

मण्यारीचे विष बरोबर उलटे वागते. विंचू संदेश थांबू देत नाही, मण्यार संदेश पोहोचू देत नाही. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते आणि ॲसिटिलकोलीन ती ओलांडते. मण्यारीचे विष स्नायूवरची ग्रहणस्थाने अडवते, शिवाय मज्जातंतूची टोकेच निकामी करते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश अनेकदा कळतही नाही. पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. रुग्ण हलत नाही, पण त्याला सारे ऐकू येत असू शकते. टोके एकदा निकामी झाली की प्रतिविष ती परत घडवू शकत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत कृत्रिम श्वासावर दिवस काढावे लागतात. म्हणून तिथे वेळेला आणखी किंमत.

मुंगूस नागाशी लढताना कुठलीशी मुळी खाऊन येते, अशी समजूत आहे. खरे गुपित त्याच्या स्नायूंत सापडले. त्याच्या ग्रहणस्थानाची घडण जराशी बदललेली असल्याने नागाचे मज्जाविष तिथे नीट चिकटत नाही. कुलूप थोडे बदलले की किल्ली लागत नाही, इतकीच गोष्ट. शास्त्रज्ञ हेच उलटे वापरतात. आपल्या तांबड्या विंचवाच्या विषातून वेगळा काढलेला इबेरिओटॉक्सिन हा घटक पोटॅशियमचे एक विशिष्ट दार तेवढे बंद करतो. त्या दाराचे काम ओळखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात. जे विष आपल्या गावात जीव घेते, तेच मज्जासंस्थेचा नकाशा काढायला उपयोगी पडते.

गावात आजही कुणाला विंचू चावला की आधी विचारतात, ‘विष कुठवर चढलं?’ त्याऐवजी विचारायचे ते असे: घाम फुटला का? उलटी झाली का? हातपाय गार पडले का? यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर वादळ सुरू झाले आहे आणि दवाखान्याची वाट धरायला हवी. रुग्ण लहान मूल असेल, तर उत्तराचीही वाट पाहू नये.