शिवोलीच्या घरातला स्टुडिओ

‘हम्मा हम्मा’ माहीत नाही असा माणूस चाळिशी ओलांडलेल्या पिढीत शोधूनही सापडणार नाही. मणिरत्नमचा ‘बॉम्बे’ १९९५ साली आला आणि ए. आर. रहमानच्या त्या हिंदी गाण्यात रेमो फर्नांडिसचा आवाज गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे घुमला. पाठोपाठ १९९८ मध्ये ‘प्यार तो होना ही था’चं शीर्षकगीत आलं, जस्पिंदर नरुलाच्या जोडीने गायलेलं. मराठवाड्यात रेमोची ओळख बहुधा इथेच सुरू होते आणि इथेच संपते. हे खरं तर त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्याचं सर्वांत मोलाचं काम त्याआधीच्या दशकात झालं आणि ते बहुतांशी इंग्रजीत होतं.

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातला. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. घराणं बार्देश तालुक्यातल्या शिवोलीचं. पोर्तुगीज, कोंकणी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा लहानपणापासून कानावर होत्या. लंडनहून आलेल्या एका भावंडाने बिल हेलीची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही रेकॉर्ड आणली आणि पोराला रॉकचं वेड लागलं. पुढे मुंबईत जे. जे.मधून वास्तुशास्त्राचं शिक्षण, शिकता शिकता ‘सॅव्हेजेस’ या नावाजलेल्या बॅंडबरोबर वादन, आणि मग १९७७ ते १९८० अशी तीन वर्षं युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती. मिळेल त्या वाहनाला हात दाखवून प्रवास करायचा आणि जिथे पोहोचू तिथे गायचं, असा तो काळ.

तो परतला तेव्हा भारतात इंग्रजी गाणाऱ्यांची स्थिती काय होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. मुंबईच्या हॉटेलांतले बॅंड परदेशी हिट गाण्यांच्या हुबेहूब नकला करत. श्रोत्यांनाही तेच हवं असे. दुसरीकडे हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनी पेलून धरला होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रॅंक फर्नांड ही माणसं स्वरलेखन करत, वाद्यमेळ रचत. पोस्टरवर मात्र नाव संगीतकाराचं. गोव्याचा माणूस एक तर पडद्यामागे राही किंवा दुसऱ्याचं गाणं वाजवी. स्वतःच्या गावाबद्दल, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या नावावर इंग्रजी गाणं म्हणणं हा प्रकार मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या हिशेबात बसणारा नव्हता. रेमोलाही त्यांच्याकडून नकारच मिळाले.

मग त्याने शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रण केलं. साधन होतं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र. नेहमीच्या कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून जे चार पट्टे असतात, ते या यंत्रात एकाच दिशेने वापरले जातात. पहिल्या पट्ट्यावर ताल भरायचा, तो ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार. मग हे तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन पुन्हा मोकळे होतात आणि त्यांवर गळा, बासरी, कोरस भरता येतो. मेख अशी, की एकदा एकत्र केलेलं परत सुटं करता येत नाही आणि दर उतरवणीला टेपची खरखर वाढते. प्रत्येक वाद्याचा आवाज किती ठेवायचा, हे पुढचं वाद्य वाजवण्याआधीच ठरवावं लागतं. सगळं गाणं आधी डोक्यात तयार असल्याशिवाय हे जमत नाही. रेमोने शब्द लिहिले, चाली बांधल्या, सगळी वाद्यं वाजवली, गायलं आणि यंत्रही स्वतःच चालवलं. १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट अशी तयार झाली. ती दुकानादुकानांत पोहोचवायलाही तोच जाई, आपल्या पिवळ्या स्कूटरवरून.

त्यातली आणि त्या काळातली गाणी ऐकावीत ती विषयांसाठी. ‘ओड टू ग्रॅहॅम बेल’ हे आपल्याकडच्या टेलिफोनच्या दुर्दशेवरचं गाणं. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसलेल्या कुठल्याही औरंगाबादकराला ते आपलं वाटलं असतं. १९८५ च्या ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये जुनी गोमंतकीय गाणी आली, तर १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये अमली पदार्थांच्या विळख्यावर थेट हल्ला होता. किनाऱ्यांवरच्या पर्यटनाचा पैसा येत असताना गोव्यातच राहून हे गाणं धाडसाचंच म्हणावं लागेल. ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणं तर त्याने प्रत्यक्ष पंतप्रधानांसमोर म्हटलं. वर्तमानपत्रांतून टीका झाली. राजीव गांधींनी मात्र पत्र पाठवून गाणं आवडल्याचं कळवलं. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात रेमोने तीन पारितोषिकं पटकावली.

मग चित्रपटसृष्टीची दारं उघडली, कंपन्याही आल्या. श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये त्याचं गाणं होतं, ‘जलवा’ने त्याला देशभर नेलं. २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. या टप्प्यावर फार रेंगाळण्याचं कारण नाही, कारण तो सर्वांना ठाऊक आहे.

लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच, ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. लोककवी वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव हेच केलं. दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ पुस्तकांच्या आणि गीतांच्या स्टॉलवर जी गर्दी उसळते, ती अशाच कवि-गायकांनी घडवलेली आहे. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता गाणं लोकांपर्यंत नेण्याची ताकद तिथे दिसते. रेमोची भाषा वेगळी, वाद्यं वेगळी, सामाजिक पार्श्वभूमीही पूर्ण वेगळी; पण आपल्या माणसांचं गाऱ्हाणं गाण्यातून मांडण्याची आणि त्या गाण्याचा ताबा स्वतःकडे ठेवण्याची जिद्द तीच.

आज शहरातली कितीतरी मुलं खोलीत लॅपटॉपसमोर बसून स्वतःची गाणी तयार करतात. चार पट्ट्यांची अडचण त्यांना नाही, दुकानांत कॅसेटी वाटत फिरण्याचीही नाही. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही या दिवाळीत ‘गोवन क्रेझी’ मिळवून एकदा सलग ऐकावी. ‘हम्मा हम्मा’ त्यानंतर ऐकावं.