न दिसणारं धुकं आणि दार उघडण्याआधीचे ३६ सेकंद

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं सीएनसी मशीनच्या कूलंटवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आजचा प्रश्न दोन्ही घरचा आहे. डोळ्यांना न दिसणारी आणि छातीत मात्र उतरणारी अशी एक वस्तू आहे. ती आहे हे कशावरून ओळखायचं, किती असली तर चालेल हे कुणी ठरवायचं, आणि तिला आवरण्यासाठी यंत्राला नेमकी कोणती आज्ञा द्यायची? पहिला प्रश्न ज्ञानाचा, दुसरा नीतीचा आणि तिसरा यंत्राचा. आपण तिन्ही क्रमानं पाहू. भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, वाळूज इथल्या शॉपमध्ये ज्यांच्या घरचं कुणी आठ-आठ तास उभं असतं, त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. धातू कापताना टूल आणि जॉब दोन्ही तापतात, म्हणून तिथं कूलंटचा मारा करतात. बहुतेक ठिकाणी हे कूलंट म्हणजे पाण्यात साधारण पाच ते दहा टक्के मिसळलेलं तेलकट द्रव्य. काही कामांना मात्र निव्वळ कटिंग ऑइल लागतं. हा द्रव धुकं कसा होतो? त्याच्या तीन वाटा आहेत. फवारा टूलवर आदळतो आणि फुटतो. फिरणारं स्पिंडल किंवा चक त्याला बाहेर भिरकावतं आणि त्याचे तुषार होतात. तिसरी वाट अशी, की तापलेल्या धारेपाशी थोडा द्रव वाफ होतो आणि जरा लांब जाऊन गार झाला की त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. आजकाल टूलमधून ७० बारच्या दाबानं कूलंट सोडणारी यंत्रं सर्रास आहेत. दाब वाढला, वेग वाढला, की थेंब बारीक होतात. उत्पादन वाढलं आणि त्याच्याबरोबर धुकंही वाढलं, असा हा हिशेब आहे.

आता थेंबाच्या आकाराकडे बघा, कारण सगळी मेख तिथं आहे. शंभर मायक्रॉनचा थेंब, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, एक मीटर खाली यायला चारेक सेकंद घेतो. तो पडतो, भिंत ओली करतो, आपल्याला दिसतो. दहा मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच अंतराला पाच-साडेपाच मिनिटं लागतात. आणि एक मायक्रॉनच्या थेंबाला? स्थिर हवेत सुमारे आठ तास. म्हणजे पहिल्या पाळीच्या सुरुवातीला उडालेला थेंब ती पाळी सुटताना जमिनीला टेकतो. प्रत्यक्षात शॉपमधली हवा स्थिर नसतेच, त्यामुळे तो टेकतही नाही, फिरत राहतो. आणि नेमके हेच बारीक थेंब नाकाघशात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जे दिसतं ते घसरायला लावतं, जे दिसत नाही ते आजारी पाडतं.

इथं आमचं जुनं शास्त्र मदतीला येतं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत एक फार व्यवहारी यादी आहे. असलेली वस्तू का दिसत नाही, याची आठ कारणं तिथं दिली आहेत : अति दूर असणं, अति जवळ असणं, इंद्रिय अधू असणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तूची सूक्ष्मता, मध्ये आडोसा असणं, दुसऱ्या प्रबळ वस्तूनं झाकोळणं आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणं. यातली निदान चार कारणं शॉपमध्ये एकाच वेळी हजर असतात. थेंब सूक्ष्म आहेत. छतावरच्या दिव्यांच्या सपाट उजेडात ते झाकोळतात, जसे दिवसा तारे. ते हवेत हवेसारखेच मिसळतात. आणि काउंटरवरच्या नगांकडे लक्ष असलेल्या माणसाचं मन दुसरीकडे असतं, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून ‘आमच्याकडे मिस्ट नाहीच, दिसतंय का तुम्हाला?’ हा सुपरवायझरचा युक्तिवाद टिकत नाही. न दिसणं हा नसण्याचा पुरावा तेव्हाच होतो, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती.

मग ती दिसेल कशी? झाकोळ काढून. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडॉल यांनी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडून स्वच्छ वाटणाऱ्या हवेतली धूळ दाखवली होती. १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर त्यांनी भाषण दिलं. तेही असंच लोकांसाठीचं व्याख्यान, बरं का. तीच युक्ती आज कारखान्यात डस्ट लॅम्प म्हणून वापरतात. मशीनच्या दारामागून जोरदार झोत सोडायचा, डोळ्यांवर थेट उजेड येणार नाही असं समोर उभं राहायचं आणि झोताच्या दिशेनं पाहायचं. दार उघडताच जो लोट बाहेर येतो, तो पाहिलेला माणूस पुन्हा ‘मिस्ट नाही’ म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, किती चालेल? अमेरिकेत खनिज तेलाच्या मिस्टसाठी कायद्यानं घातलेली मर्यादा घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम, आठ तासांच्या सरासरीनं. तिथल्याच निऑश या संशोधन संस्थेनं १९९८ मध्ये कटिंग फ्लुइडच्या धुक्यासाठी शिफारस केली ती एकूण कणांसाठी ०.५ मिलिग्रॅमची. दहापट फरक! मोटार कामगारांच्या संघटनेनं १९९३ मध्येच कडक नियमाची मागणी केली होती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये निकाल लागला, की नियम न करण्याचा सरकारी खात्याचा निर्णय कायम. शिफारस शिफारसच राहिली.

दरम्यान इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजला, इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास ८० हून अधिक कामगारांना दमा आणि फुप्फुसाच्या ॲलर्जीचे आजार झाल्याचं निदान झालं. संशय होता तो पाण्यात मिसळलेल्या फ्लुइडच्या धुक्यावर. अशा कूलंटच्या टाकीत जिवाणू वाढतात, वर तरंगणारं ट्रॅम्प ऑइल त्यांना पोसतं आणि धुक्याबरोबर त्यांचे अंशही छातीत जातात. म्हणजे नुसतं मिलिग्रॅम मोजून भागत नाही. त्या मिलिग्रॅममध्ये काय आहे, हेही महत्त्वाचं. आकडा हवाच, पण आकड्याच्या खाली आलो म्हणजे कर्तव्य संपलं असं नव्हे. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातलं चौदावं कलम याच अंगानं जात होतं. धूळ, धूर वा तत्सम दोष कामगाराच्या श्वासात जाऊ नये म्हणून परिणामकारक उपाय करा आणि हवा ओढायची तर जिथं ती दूषित होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ओढा, असं ते सांगत होतं.

आता तिसरा प्रश्न, यंत्राचा. मिस्ट कलेक्टर म्हणजे बंदिस्त मशीनमधली हवा ओढून घेणारा, थेंब अडवणारा आणि तेल निथळून टाकीत परत पाठवणारा डबा. थेंब तीन प्रकारे अडवले जातात : गरगर फिरवून भिंतीवर आपटवणं, विजेचा भार देऊन पत्र्यांवर खेचणं, किंवा फिल्टरच्या धाग्यांत गुंतवणं. गंमत अशी की फिल्टरला सर्वांत अवघड जातात ते सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण. मोठे कण वळणावर धाग्याला धडकतात, अगदी लहान कण सैरभैर हलत धाग्याला चिकटतात, मधले निसटतात. म्हणून हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के या निकषावर तोलतात.

पण डबा चांगला घेतला म्हणजे काम झालं, असं नाही. तो केव्हा चालू आणि केव्हा बंद, यात खरं नियंत्रण आहे. पुष्कळ ठिकाणी कलेक्टर कूलंट पंपाच्या आज्ञेला जोडलेला असतो. एम ०८ आला, कूलंट चालू, कलेक्टर चालू. एम ०९ आला, दोन्ही बंद. वरवर पाहता तर्क बरोबर वाटतो. पण धुकं आहे ते पंप बंद झाल्यावरही आहे! आत धुकं सर्वांत दाट असतं त्या क्षणी आपण पंखा थांबवतो आणि माणूस दार उघडून वाकतो.

थोडा हिशेब करू. मशीनच्या आत ३ घनमीटर हवा आहे आणि कलेक्टर तासाला ९०० घनमीटर ओढतो, म्हणजे सेकंदाला पाव घनमीटर. तीन भागिले पाव, बारा. बारा सेकंदांत आतल्या हवेइतकी हवा बाहेर जाते. पण नवी हवा जुनीत मिसळत असते, म्हणून बारा सेकंदांनी ३७ टक्के धुकं उरतं, चोवीसनं सुमारे साडेतेरा आणि छत्तीसनं ५ टक्के. कोपऱ्यात हवा अडकत असेल तर याहून जास्त वेळ. म्हणजे कूलंट थांबल्यावर निदान ३६ सेकंद कलेक्टर चालू हवा आणि दार बंद हवं. टायमर आणि दाराचं लॉक, एवढ्याचंच काम आहे.

मग ते होत का नाही? कारण सायकल टाइम. तीन मिनिटांचा जॉब असेल तर आठ तासांत १६० नग निघतात. प्रत्येकामागे ३६ सेकंद वाढवा, नग होतात १३३. सत्तावीस नगांचा प्रश्न आहे, आणि तो ऑपरेटरच्याच डोक्यावर बसतो. टार्गेट त्याचं, छातीही त्याचीच. त्याला ‘थांब जरा’ सांगणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. थांबण्याची किंमत व्यवस्थेनं उचलायला हवी.

ती कमीही करता येते. प्रोग्रॅमच्या शेवटी टूल परत जातं, टेबल पुढे येतं, त्याच्या आधीच एम ०९ द्या. तेच सेकंद हवा साफ करण्यात जातील. ओढ दुप्पट केली तर ३६ चे १८ होतील, पण त्याच डक्टमधून दुप्पट हवा ओढायला साधारण आठपट वीज लागते आणि जास्त ओढीनं चांगलं कूलंटही फिल्टरमध्ये जाऊन बसतं. म्हणून ओढणारं तोंड कापण्याच्या जागेपासून दूर ठेवा, पुढे आडपत्रा लावा. टूल बदलताना कूलंट क्षणभर थांबतं, तेव्हा कलेक्टरची चालू-बंद होऊ देऊ नका. तोच टायमर इथंही कामी येतो. फिल्टर भरत जातो तशी ओढ घटते, म्हणून दाबातला फरक दाखवणारा गेज डोळ्यांसमोर असावा. निव्वळ तेलावर चालणाऱ्या मशीनला आगीचा धोका असतो, तिथं डक्टमध्ये फायर डँपर हवा. आणि मूळ पाहा : फवाऱ्याचा दाब गरजेपुरता, टाकी स्वच्छ, ट्रॅम्प ऑइल रोज काढलेलं. जे धुकं झालंच नाही, ते गोळा करावं लागत नाही.

एक शेवटचं. दार उघडल्यावर जॉब एअर गननं फुंकायची सवय सगळीकडे आहे. आत एवढ्या कष्टानं आवरलेलं धुकं आपण तोंडासमोर पुन्हा तयार करतो. फुंकायचंच तर दार बंद असताना, मशीनच्याच नोझलनं.

तुम्ही कारखान्यात असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर उद्या तीन गोष्टी विचारा. कूलंट थांबल्यावर कलेक्टर किती सेकंद चालतो? फिल्टरचा गेज शेवटचा कुणी वाचला? आणि दाराशी डस्ट लॅम्प कधी लावून पाहिला का? ही तिन्ही उत्तरं कागदावर लिहिलेली मिळाली, तर तिथं मिस्टचं नियंत्रण आहे असं म्हणता येईल. नाही मिळाली, तर तिथं फक्त एक डबा बसवलेला आहे.